गज आणि साचे : ‘मीरत’ ही पथनाटिका आणि कामगारांच्या आंतरराष्ट्रीय एकजुटीची भाषा

१. प्रस्तावना

कामगार चळवळीच्या इतिहासात ‘एकजूट’ हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला, तितक्या वेळा त्याची चिकित्सा झालेली नाही. आपल्या गावच्या, आपल्या खात्यातल्या कामगारासाठी संपात उतरणे हा एकजुटीचा परिचित अर्थ होय. परंतु हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या, निराळी भाषा बोलणाऱ्या कामगार कार्यकर्त्यावर त्याच्या देशातील सत्ता तुरुंग, लाठी किंवा गोळी चालवते, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न तितकासा सोपा नाही. अमेरिकेत १९२७ मध्ये साको आणि व्हान्झेट्टी या स्थलांतरित कामगारांना विजेच्या खुर्चीवर बसवण्यात आले, तेव्हा अनेक देशांच्या राजधान्यांत निदर्शने झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी भारतातील एका खटल्याने असाच आंतरराष्ट्रीय प्रतिसाद मिळवला. तो म्हणजे १९२९ ते १९३३ या काळात चाललेला मीरत कट खटला होय.

या खटल्याचे राजकीय आणि कायदेशीर अंग इतिहासकारांनी पुष्कळ तपासले आहे. त्यातून जन्मलेल्या कलाकृतींकडे मात्र आपल्याकडील समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. इंग्लंडमधील ‘वर्कर्स थिएटर मूव्हमेंट’ या कामगार नाट्यचळवळीने १९३२-३३ च्या सुमारास ‘मीरत’ नावाची एक अगदी छोटी नाटिका रस्त्यारस्त्यांवर सादर केली. मुंबईच्या गिरण्यांतील कामगार पुढाऱ्यांच्या सुटकेसाठी मँचेस्टर आणि सॅल्फर्डच्या बेकार तरुणांनी केलेले हे नाटक मराठी वाचकाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्यासारखे नाही. प्रस्तुत लेखात या नाटिकेची रचना, तिचा निवेदक आणि तिची मध्यवर्ती प्रतिमा यांचा विचार केला असून, त्यावरून परक्याच्या दुःखाबद्दल बोलणाऱ्या कलेचे सामर्थ्य कोठे असते आणि ती कोठे कमी पडते, हे पाहण्याचा प्रयत्न आहे.

२. खटल्याची पार्श्वभूमी

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईतील कापडगिरण्या संपामुळे जवळजवळ बंद होत्या. सुमारे दीड लाख कामगार या संपात होते. संपाचे एक मुख्य कारण ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली आणलेली नवी योजना हे होते. मागांना गिरणगावात साचे म्हणत. आजवर दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने आता तीन सांभाळावेत, सूतखात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू पाहाव्यात आणि त्यामुळे उरलेल्या माणसांना घरचा रस्ता दाखवावा, असा या योजनेचा अर्थ होता. याच संपातून ‘गिरणी कामगार युनियन’ उभी राहिली आणि वर्ष संपेपर्यंत तिची सभासदसंख्या पन्नास हजारांच्या वर गेली.

२० मार्च १९२९ रोजी मुंबई, कलकत्ता, पंजाब आणि संयुक्त प्रांत येथून एकाच दिवशी ३१ जणांना अटक करण्यात आली. नंतर आणखी एकाची भर पडली. भारतीय दंडविधानाच्या १२१-अ या कलमाखाली, सम्राटाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व नष्ट करण्याचा कट केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. आरोपींत श्रीपाद अमृत डांगे, एस. व्ही. घाटे, एस. एस. मिरजकर, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर, डॉ. गंगाधर अधिकारी, अर्जुन आळवे, गोविंद कासले असे मुंबईच्या कामगार चळवळीतील अनेकजण होते. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रजही होते. बहुतेक आरोपींचा ज्या गावाशी काडीचाही संबंध नव्हता, त्या मीरतमध्ये, म्हणजे आजच्या मेरठमध्ये, खटला चालवण्याचे कारण उघड होते. मुंबई किंवा कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे खटला चालवावा लागला असता. मीरतमध्ये तो धोका नव्हता.

१६ जानेवारी १९३३ रोजी सेशन न्यायाधीशांनी २७ जणांना दोषी ठरवले. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप काळ्या पाण्याची, तर डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर व स्प्रॅट यांना बारा वर्षांची शिक्षा झाली. निकालापूर्वीच सर्वांत ज्येष्ठ आरोपी, १९२५ च्या आयटक अधिवेशनाचे अध्यक्ष डी. आर. ठेंगडी यांचे निधन झाले होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षा मोठ्या प्रमाणात कमी केल्या आणि काहींना निर्दोष सोडले. परंतु तोपर्यंत जवळजवळ साडेचार वर्षे लोटली होती. पुढारी तुरुंगात असताना १९२९ चा मुंबईतील दुसरा मोठा संप फसला आणि युनियनची ताकद मोडली. आरोपींना फाशी झाली नाही, त्यांच्यावर गोळी चालली नाही. पण खटल्याची दीर्घताच येथे शस्त्र म्हणून वापरली गेली. राजकीय हिंसा नेहमी रक्त सांडूनच होते असे नाही, ती तारखा देऊनही करता येते, याचे हे एक ठळक उदाहरण म्हणता येईल.

३. सहानुभूतीच्या दोन भाषा

या खटल्याविरुद्ध इंग्लंडमध्ये जो आवाज उठला, त्यात दोन निरनिराळ्या भाषा ऐकू येतात. नाटिकेचे वेगळेपण समजण्यासाठी हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

पहिली भाषा न्यायाची होती. हॅरॉल्ड लास्की, एच. जी. वेल्स, आर. एच. टॉनी यांच्यासारखे विचारवंत, युरोपातून रोमाँ रोलाँ आणि आइन्स्टाइन यांच्यासारखी माणसे या खटल्याविरुद्ध बोलली. ज्यूरी नाकारणे, गावापासून दूर खटला चालवणे, वर्षानुवर्षे माणसांना कोठडीत ठेवणे हे ब्रिटिश न्यायपरंपरेला काळिमा फासणारे आहे, असा या भाषेचा युक्तिवाद होता. या युक्तिवादाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. शिक्षा कमी होण्यामागे अशा लोकमताचाही वाटा होता, असे मानायला जागा आहे. तथापि या भाषेची एक मर्यादा होती. ब्रिटिश न्यायाची अब्रू हा तिच्या चिंतेचा विषय होता. गिरणीत काय घडत होते, हा प्रश्न तिच्या कक्षेत क्वचितच येई.

या भाषेची कसोटी सत्तेच्या जवळ गेल्यावर लागली. अटका झाल्या तेव्हा इंग्लंडमध्ये हुजूर पक्षाचे सरकार होते. जून १९२९ मध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष सत्तेवर आला. कामगारांच्या मतांवर निवडून आलेले सरकार कामगार पुढाऱ्यांवरील खटला मागे घेईल, अशी अपेक्षा अनेकांनी केली होती. ऑगस्ट १९३१ पर्यंत हे सरकार टिकले, आणि खटला चालूच राहिला. ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेस व मजूर पक्ष यांच्या संयुक्त परिषदेने कैद्यांच्या सुटकेची मागणी करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली ती १९३३ मध्ये, म्हणजे निकालानंतर आणि स्वपक्षाची सत्ता गेल्यानंतर. दूरच्या कामगाराबद्दलची सहानुभूती आणि घरची सत्ता यांत निवड करण्याची वेळ येते तेव्हा सहानुभूतीला थांबायला सांगितले जाते. हा अनुभव त्या पिढीतील तरुण कामगारांच्या मनावर कोरला गेला असल्यास नवल नाही.

दुसरी भाषा याच तरुणांची होती. मुंबईत जन्मलेले आणि लंडनच्या बॅटर्सी मतदारसंघातून पार्लमेंटवर निवडून गेलेले शापुरजी सकलातवाला यांच्यासारखे वक्ते ती सभांमधून बोलत होते. मीरतचे कैदी हे दयेचे विषय नसून आपल्याच लढ्यातील सहकारी आहेत, असे ही भाषा मानत होती. ‘मीरत’ ही नाटिका याच भाषेतील रचना आहे.

४. ‘मीरत’ : रचना आणि प्रयोग

‘मीरत’ची संहिता काही थोड्या मिनिटांची आहे. तिला पडदा नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. नटांच्या हातात लाकडी काठ्या असतात. काही काठ्या आडव्या, काही उभ्या धरून त्यांचा तुरुंगाचा गजांचा दरवाजा केला जातो आणि नट या गजांमागून बोलतात. बोलणे एकट्याचे असते, मग दोघांचे, मग सर्वांचे. कैदी कोण आहेत, त्यांना का पकडले, हिंदुस्थानातील कामगार कोणत्या हलाखीत राबतो हे ते सांगतात आणि अखेरीस समोरच्या प्रेक्षकांना एकजुटीची हाक देतात. शेवटी काठ्या खाली फेकल्या जातात. गज मोडतात.

मँचेस्टर भागात ही नाटिका ‘रेड मेगाफोन्स’ या गटाने सादर केली. त्यात जिमी मिलर नावाचा सॅल्फर्डचा एक किशोरवयीन मुलगा होता. पुढे तो यूअन मॅकॉल या नावाने नाटककार आणि लोकगायक म्हणून प्रसिद्ध झाला. लंडनच्या गटात चार्ली मान हे या नाटिकेचे एक प्रमुख दिग्दर्शक होते आणि ती कशी सादर करावी याविषयी त्यांनी लिहिलेही आहे. नाटिका बसवायला फार दिवस लागत नसत आणि सादर करायला मोकळा कोपरा पुरे. बेकारभत्त्याच्या कचेरीबाहेरची रांग, कारखान्याचे फाटक, बाजाराचा चौक, कोठेही ती उभी राहू शकत होती. इंग्लंडमध्ये रंगमंचावरील नाटकांना लॉर्ड चेंबरलेनची पूर्वपरवानगी १९६८ पर्यंत आवश्यक होती, हे लक्षात घेतले म्हणजे रस्त्यावरील या नाट्यप्रकाराचे राजकीय महत्त्व ध्यानात येते.

नाट्यदृष्ट्या या काठ्यांचा विचार करण्यासारखा आहे. अत्यंत स्वस्त, सहज मिळणारी, सहज लपवता येणारी वस्तू तुरुंग होते, आणि ती नटांच्याच हातात असते. ज्यांच्यावर गज लादले आहेत तेच गज उचलून धरत आहेत, असा एक विलक्षण अर्थ त्यातून निघतो. कामगारांच्या श्रमानेच ही सत्ता उभी आहे आणि त्यांनी हात सोडले तर ती कोसळेल, हा विचार शब्दांवाचून येथे दृश्यरूप घेतो. समीक्षेच्या परिभाषेत सांगायचे तर नाटिकेची प्रतिमा तिच्या संवादांहून अधिक बुद्धिमान आहे. संवाद पुष्कळदा घोषणेच्या पातळीवर राहतात. काठ्या मात्र विचार करायला लावतात.

५. ‘आम्ही’ म्हणजे कोण?

नाटिकेतील नट कैद्यांविषयी बोलत नाहीत, तर कैदी होऊन बोलतात. सॅल्फर्डचा बेकार तरुण गजांमागून ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्या ‘आम्ही’त मुंबई, कलकत्ता आणि लाहोर येतात. हा निवेदनाचा निर्णय साधा नाही. प्रेक्षकासमोर कोणी ‘त्यांना मदत करा’ असे म्हटले तर प्रेक्षक दाता होतो आणि कैदी याचक. ‘आम्ही’ म्हटल्याने हे नाते मोडते. समोरचा ओळखीचा माणूस, आपल्याच गल्लीतला, आपल्याच बोलीत बोलणारा, गजांमागे दिसतो आणि परक्या देशातील अन्याय अंगावर येतो. या नाटिकेचा जो परिणाम सांगितला जातो, त्याचे रहस्य मुख्यतः येथे आहे.

परंतु याच ठिकाणी एक गंभीर प्रश्नही उद्भवतो. दुसऱ्याच्या वतीने ‘आम्ही’ म्हणण्याचा अधिकार कोणी दिला? मीरतच्या कैद्यांना स्वतःचा आवाज नव्हता असे मुळीच नाही. त्यांनी न्यायालयात प्रदीर्घ निवेदने केली. अठरा जणांनी मिळून एक संयुक्त निवेदन सादर केले. आरोपीच्या पिंजऱ्याचे त्यांनी व्यासपीठ केले. त्यांच्या बोलण्यात सिद्धांत होता, वाद होते, परस्परांतील मतभेदही होते. सर्वजण साम्यवादी नव्हते, सर्वांचे राजकारण एक नव्हते. नाटिकेतील ‘आम्ही’ मात्र एकसंध आहे. तेथे कोणी कोणाशी असहमत नाही. पाच मिनिटांच्या पथनाटिकेकडून मतभेदांच्या चित्रणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल हे खरे. तरीसुद्धा, पीडिताला एकसुरी करून त्याच्या बाजूने बोलणे ही एकजुटीच्या कलेची नेहमीची खोड आहे, आणि ‘मीरत’ तिला अपवाद नाही.

या संदर्भात आपल्याकडील पोवाड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णा भाऊ साठे यांनी ‘स्तालिनग्राडचा पोवाडा’ रचला. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले आणि गिरणगावातील कामगारांसमोर असे पोवाडे गायले गेले. तेथेही विषय हजारो मैलांवरचाच आहे. पण शाहीर हा शाहीरच राहतो. तो डफ वाजवून ‘त्यांची’ कथा ‘तुम्हाला’ सांगतो. सांगणारा, ऐकणारा आणि ज्याची कथा सांगितली जाते तो, या तिघांत अंतर आहे हे पोवाड्याचा घाट प्रामाणिकपणे कबूल करतो, आणि हे अंतर आवेशाने, लयीने, झीलकऱ्यांच्या साथीने ओलांडतो. ‘मीरत’ ते अंतर पुसून टाकते. पहिल्या पद्धतीत परक्याचे परकेपण शाबूत राहते, पण तो वीरपुरुष होऊन दूर उंचावर जाण्याचा धोका असतो. दुसऱ्या पद्धतीत तो जवळ येतो, पण त्याचा स्वतःचा चेहरा हरवण्याचा धोका असतो. कोणती पद्धत श्रेष्ठ, असा निकाल देण्यापेक्षा दोन्ही घाटांतील ही देवाणघेवाण ओळखणे समीक्षेच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरेल.

६. गज आणि साचे

‘मीरत’ पाहणारा लँकेशायरचा प्रेक्षक कोण होता, याचा विचार केल्याशिवाय या नाटिकेचे मूल्यमापन पुरे होणार नाही. तो मुख्यतः कापड उद्योगावर जगणारा होता, आणि त्याचे पोट हिंदुस्थानच्या बाजारावर अवलंबून होते. मुंबईच्या गिरण्या आणि हिंदुस्थानातील परदेशी कापडावरील बहिष्कार यांच्यामुळे आपले माग थांबले, अशी त्याची समजूत होती आणि तिच्यात तथ्यांशही होता. १९३१ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजी लँकेशायरला गेले. डार्वेन परिसरातील कामगारांनी त्यांचे प्रेमाने स्वागत केले, तरी बेकारीचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे मांडलेच. अशा प्रेक्षकाला मुंबईच्या गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांसाठी उभे राहा असे सांगणे म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने बोला असे सांगण्यासारखे होते. एकजुटीला येथे किंमत द्यावी लागत होती. म्हणूनच ती एकजूट तपासण्याजोगी आहे.

आता एक वस्तुस्थिती पाहू. १९२८ मध्ये मुंबईचा विणकर दोनाऐवजी तीन साच्यांविरुद्ध संपावर गेला. त्यानंतर तीन-चार वर्षांत लँकेशायरमध्येही अगदी हाच वाद पेटला. चार माग सांभाळणाऱ्या विणकराने सहा किंवा आठ सांभाळावेत अशी मालकांची मागणी होती. ‘अधिक माग’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या योजनेवरून १९३१ मध्ये टाळेबंदी झाली आणि १९३२ मध्ये बर्नली व आसपासच्या गावांत मोठा संप झाला. म्हणजे ‘मीरत’ ज्या काळात खेळली जात होती, त्याच काळात प्रेक्षकांतील विणकर आणि गजांमागचा कैदी या दोघांचा लढा एकच होता. दोन्हीकडचे मालक एकच कारण देत होते. स्पर्धा वाढली आहे, खर्च कमी केला पाहिजे, एका माणसाने अधिक यंत्रे पाहिली पाहिजेत. मुंबईच्या मालकाला लँकेशायर आणि जपान दिसत होते. लँकेशायरच्या मालकाला जपान आणि मुंबई दिसत होती. प्रत्येक कामगाराला दुसऱ्या कामगाराचे भय दाखवून त्याच्यापुढे आणखी एक यंत्र उभे केले जात होते.

या पार्श्वभूमीवर नाटिकेने निवडलेली प्रतिमा पुन्हा पाहिली पाहिजे. नाटिकेच्या शब्दांत कामगारांच्या शोषणाचे वर्णन येते. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे शेवटपर्यंत राहतात ते गज. गज पाहून अन्यायाची चीड येते, करुणा येते, मुठी वळतात. पण लँकेशायरच्या विणकराच्या रोजच्या जगण्यात तुरुंगाचे गज नव्हते, माग होते. काठ्यांचा तुरुंग न करता काठ्यांचा माग केला असता, तोही एकामागून एक वाढत जाणारा, आणि त्या वाढत्या मागांआडून कैदी दिसला असता, तर ‘त्याला का पकडले’ या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाने स्वतःच्या मनगटातून दिले असते. गजांची प्रतिमा शिक्षेकडे लक्ष वेधते, साच्यांची प्रतिमा शिक्षेच्या कारणाकडे वेधू शकली असती. नाटिकेची ही मर्यादा केवळ तिची नाही. पीडित कार्यकर्त्यांविषयीचे बहुतेक लेखन, भित्तिचित्रे, गाणी यांत साखळदंड, गज आणि रक्त हीच चिन्हे पुनःपुन्हा येतात. ज्या कामामुळे त्या माणसाला धोका पत्करावा लागला, ते काम चित्रात क्वचित दिसते. त्यामुळे कार्यकर्ता हा प्रथम बळी म्हणून ओळखला जातो, आणि संघटक म्हणून नंतर, किंवा कधीच नाही.

७. नावांचा प्रश्न

एकजुटीच्या प्रचारात कोणाचे नाव घेतले जाते आणि कोणाचे राहून जाते, हाही सौंदर्यशास्त्राइतकाच राजकारणाचा प्रश्न आहे. इंग्लंडमधील मोहिमेत स्प्रॅट, ब्रॅडली आणि हचिन्सन ही नावे ठळकपणे पुढे येणे स्वाभाविक होते. ती ओळखीची नावे होती आणि देशबांधवांवरील अन्यायाने लोक लवकर हलतात. हिंदी आरोपींपैकी बुद्धिजीवी पुढाऱ्यांची नावे त्यानंतर येत. पण आळवे आणि कासले हे स्वतः गिरणीत राबलेले कामगार होते. १९२८ चा संप केवळ बाहेरच्या पुढाऱ्यांनी भडकवला असे सरकार म्हणत असताना, संप आतून उभा राहिला होता याचा जिवंत पुरावा म्हणजे ही दोन माणसे. सेशन न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची सक्तमजुरी दिली आणि अपिलात त्यांची सुटका झाली. त्यांच्या शिक्षा सर्वांत कमी, म्हणून त्यांच्यावरील प्रकाशही सर्वांत कमी. ज्यांच्यासाठी ही सारी एकजूट होती, तो प्रत्यक्ष गिरणी कामगार त्या एकजुटीच्या कथेत कडेला उभा आहे, ही या मोहिमेतील विसंगती होय.

८. मीरतहून झंडापूरला

‘मीरत’ नाटिकेतील गज प्रतीकरूप होते. तिचे नट प्रयोगानंतर काठ्या उचलून घरी जाऊ शकत होते. सत्तावन्न वर्षांनी, भारतात, कामगारांसाठी केलेल्या एका पथनाट्याच्या नटांना तसे घरी जाता आले नाही. विशेष म्हणजे हे घडले ते गाव मेरठच्याच शेजारचे आहे. गाझियाबाद हा भाग १९७६ पर्यंत मेरठ जिल्ह्यातच होता.

१ जानेवारी १९८९ रोजी गाझियाबादजवळच्या साहिबाबाद औद्योगिक वसाहतीतील झंडापूर येथे दिल्लीच्या ‘जन नाट्य मंच’ या संस्थेचा ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग चालू होता. नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली परिसरातील कामगारांनी किमान वेतनासह अन्य मागण्यांसाठी केलेल्या सात दिवसांच्या संपाशी या नाटकाचा संबंध होता. स्थानिक निवडणुकीतील कामगार उमेदवाराच्या समर्थनार्थ हा प्रयोग होता. प्रयोगावर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार गोळी लागून ठार झाला. सफदर हाश्मी गंभीर जखमी झाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. ४ जानेवारीला त्यांच्या पत्नी मलयश्री हाश्मी आणि सहकारी त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. आरोपींना जन्मठेप झाली ती २००३ मध्ये, चौदा वर्षांनी.

या संस्थेच्या १९७८ मधील ‘मशीन’ या पहिल्या पथनाट्याकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. गाझियाबादच्या एका कारखान्यात सायकली ठेवायला जागा आणि चहाची सोय एवढ्याच मागण्यांवरून उद्भवलेल्या संघर्षात कामगारांवर गोळीबार झाला होता. त्या घटनेवर आधारित या नाटकात नटांची शरीरे मिळून एक यंत्र तयार होते. ते आवाज करते, फिरते आणि मग थांबते. ‘मीरत’मध्ये जे नव्हते ते येथे आहे. प्रेक्षकाला गोळीबारापूर्वी यंत्र दिसते, हिंसेपूर्वी काम दिसते. कामगार बळी ठरण्याआधी यंत्र चालवणारा आणि यंत्र थांबवू शकणारा म्हणून त्याच्यापुढे येतो. ‘हल्ला बोल’मध्येही कामगारांचे नाटक करू पाहणाऱ्या नटांना एक पोलीस शिपाई अडवतो. म्हणजे नाटकाला होणारा विरोध हाच नाटकाचा भाग होतो. पथनाट्याच्या घाटाने अर्धशतकात केलेली ही प्रगती लक्षणीय आहे.

तथापि नावांचा प्रश्न येथेही सुटलेला नाही. सफदर हाश्मी यांच्या हत्येचा निषेध देशविदेशांतील कलावंतांनी केला. त्यांचा जन्मदिवस १२ एप्रिल हा पथनाट्य दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व उचितच आहे. पण त्याच दिवशी, त्याच हल्ल्यात, त्यांच्याही आधी मृत्युमुखी पडलेला राम बहादूर किती जणांना ठाऊक आहे? सुधन्वा देशपांडे यांच्या २०२० मधील इंग्रजी ग्रंथाने त्याच्याकडे आवर्जून लक्ष दिले, परंतु सार्वजनिक स्मृतीत तो आजही ‘आणि एक कामगार’ एवढाच उरतो. मीरतमध्ये आळवे-कासले, झंडापूरमध्ये राम बहादूर. कामगारांसाठी लढणारा कलावंत किंवा पुढारी स्मरणात राहतो, कामगार स्वतः संख्येत जमा होतो. त्याचे कारण स्मृती जतन करणाऱ्यांच्या वर्गात शोधावे लागेल, आणि त्या वर्गात आपण प्राध्यापक, समीक्षक, संशोधकही आहोत.

९. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात.

एक, ‘मीरत’ ही वाङ्मयीन दृष्ट्या साधी असली तरी नाट्यप्रतिमा म्हणून समर्थ कृती आहे. काठ्यांचे गज आणि त्यांचे कोसळणे यांतून ती सत्तेच्या स्वरूपाविषयी जे सांगते, ते तिच्या घोषणांना सांगता आलेले नाही.

दोन, ‘आम्ही’ या निवेदनामुळे ही नाटिका दयेच्या नात्याऐवजी बरोबरीचे नाते प्रस्थापित करते. त्याच वेळी ती ज्यांच्या वतीने बोलते त्यांच्यातील मतभेद आणि वेगळेपण पुसून टाकते. पोवाड्यासारख्या देशी घाटाशी तुलना केली असता या निवडीचा लाभ आणि तिची किंमत दोन्ही स्पष्ट होतात.

तीन, आंतरराष्ट्रीय एकजूट केवळ अन्यायाच्या चिडीवर उभी राहिली तर ती खटला संपताच ओसरते, आणि आपली माणसे सत्तेवर आली की अवघडते. कामाच्या समान अनुभवावर ती उभी राहिली तर तिला टिकण्याची शक्यता असते. मुंबईचे तीन साचे आणि बर्नलीचे सहा माग यांतील नाते ही १९३२ मधील सर्वांत मोठी शक्यता होती. नाटिकेने तिच्याकडे पुरेसे पाहिले नाही.

चार, राजकीय हिंसेला बळी पडलेल्या कार्यकर्त्यांच्या स्मरणातही एक उतरंड तयार होते आणि तिच्या तळाशी बहुधा प्रत्यक्ष कामगार असतो. ही उतरंड ओळखणे आणि मोडणे हे समीक्षेचेही काम आहे.

आजही जगाच्या अनेक भागांत कामगार संघटकांवर हल्ले होतात. कोलंबियासारख्या देशात गेल्या काही दशकांत हजारो कामगार कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्यांच्यासाठी पत्रके निघतात, सह्या गोळा होतात, चित्रे रंगवली जातात. हे व्हायलाच हवे. मात्र प्रत्येक वेळी एक प्रश्न विचारला जावा. या चित्रात आपल्याला फक्त गज दिसतात, की गजांमागच्या माणसाच्या हातातले कामही दिसते? तो कोणत्या खात्यात होता, त्याने काय मागितले होते, आणि ती मागणी आपल्या मागणीपासून किती दूर आहे? या प्रश्नांची उत्तरे देणारी कला आणि समीक्षा दूरच्या कामगाराला अधिक जवळ आणील, आणि त्याचे नावही आपल्या लक्षात राहील.